नको म्हणणाऱ्यांची पंगत

शहापूर ते साकोली या हमरस्त्यावर तुलाराम जिथं जेवला नाही असा ढाबा नव्हता आणि जिथं बसला नाही अशी दारूची भट्टी नव्हती. म्हणूनच साकोलीच्या केटरिंग शाळेत शिकणारी त्याची लेक चंद्रकला धास्तावली होती. शाळेचं हॉटेल पोरंपोरीच चालवायची आणि परीक्षेला ज्यानं त्यानं आपापले पाहुणे आणायचे. पास झाली तर नागपूरच्या हॉटेलात नोकरी, नापास झाली तर चैत्रात लग्न.

"बाबा, भट्टीत वागता तसे वागू नका जी. सभ्यपणानं जेवा," तिनं हात जोडले.

तुलारामनं ते फारच मनावर घेतलं. स्वतः थेंब घेतला नाही, टिकाराम आणि सुखराम या भट्टीतल्या दोस्तांनाही घेऊ दिला नाही. तिघंही धुतलेली धोतरं नेसून टेबलाशी बसले. कमळासारखा दुमडलेला रुमाल मोडवेना म्हणून सुखरामनं तो तसाच टोपीखाली ठेवला.

चंद्रकला मटणाचं भांडं घेऊन आली. "वाढू का?"

"नको," तुलाराम लाजून म्हणाला.

आधी नको म्हणायचं, मग वाढणाऱ्यानं आग्रह करायचा, आपण ताटावर हात आडवा धरायचा आणि त्यानं बोटांच्या फटीतून वाढायचं, ही त्यांच्या कोंढा गावची रीत. पहिल्याच फेरीला हो म्हणणारा म्हणजे जन्माचा उपाशी. पण शाळेनं शिकवलं होतं की पाहुणा नको म्हणाला की हसून मागं व्हायचं. चंद्रकला हसून मागं झाली.

टिकाराम, सुखरामही नको म्हणाले. मटण गेलं. सुवासिक चिन्नोर तांदळाचा भात आला, तोही गेला. वास तेवढा राहिला. मेली ही शाळा!

शेजारच्या टेबलावर नागपूरचे परीक्षक कृष्णराव बसले होते. कुणास ठाऊक का, त्यांचंही ताट कोरडंच होतं. ते म्हणाले, "भांडी भरलेलीच परत चाललीत. जेवण पाहुण्यांना आवडलेलं दिसत नाही."

चंद्रकलाचा चेहरा पडला. सभ्यपणा करून आपणच लेकीचं वाटोळं केलं, या विचारानं तुलारामला रडू यायचं बाकी राहिलं.

"कायले वापस नेऊन राहिली, पोरी? आग्रह कर ना!" तो कुजबुजला.

"नियम नाही, बाबा. तुमीच मांगा."

"मांगून खाऊ? भिकारी आहो का आमी?"

चंद्रकलानं एकदा बापाकडं पाहिलं, पदर खोचला आणि मटण परत आणलं. "हात काढा, नाहीतर हातावर वाढीन!"

ताटावर आडवा धरलेला हात कोणी काढला नाही. तिनं बोटांच्या फटीतून वाढलं. मग तिघं असे जेवले की भट्टीलाही लाज वाटावी.

"हे कोणत्या पुस्तकात आहे?" कृष्णराव कडाडले.

चंद्रकलाचे कान तापले. आता नापास तर झालेच, असं मनाशी म्हणत ती उरलेल्या मटणाचं भांडं घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. "साहेब, वाढू का?"

"मले नको," साहेब म्हणाले आणि बोटं चांगली फाकवून त्यांनी ताटावर हात आडवा धरला.