स्ट्रॉबेरीला न लागणारं व्याकरण

शेवटचा तास संपवून कालिपा घरी आली, की बूट काढायला खाली वाकायची आणि थोडा वेळ तशीच वाकलेली राहायची. पुन्हा सरळ व्हायचं जिवावर यायचं. अत-बाशी या किर्गीझ गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात तिचा जन्म गेला होता. त्या इंग्रजीचा उपयोग काय म्हणाल, तर ज्याला ते थोडंफार आलं तो गाव सोडून गेला, आणि ज्याला नाही आलं तो रशियन बोलत गेला. कालिपा तेवढी मागे राहिली, आणि जाणाऱ्यांची पोरं.

तिची मुलगी रशियातल्या येकातेरिनबुर्गला गेली, ती लहानग्या तिनारला झोपलेलाच ठेवून. निम्म्या रस्त्यातून आईला तिचा फोन आला, "अपा, उठला की त्याला दूध दे." मुलानं, एर्मेकनं, एवढीही तसदी घेतली नाही. पिशवी खांद्याला लावून झाल्यावर उंबऱ्यात उभ्याउभ्या म्हणाला, "मॉस्कोला चाललो." म्हणजे घरात आता कालिपा, तिनार, सून बेगिमाय, बेगिमायची दोन मुलं अदिना आणि नुरेल, आणि एक गाय, जिला बेगिमायखेरीज दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे.

आणि या शरद ऋतूत बेगिमायच्याही डोक्यात वारं शिरलं. गावातल्या बायका इंग्लंडला स्ट्रॉबेरी तोडायला जाऊ लागल्या होत्या. सहा महिन्यांचं काम, राहायची सोय शेतावरच. नारीन शहरातली एजन्सी माणसं पाठवायची, पण शेतवाले आधी व्हिडिओ फोनवर समोर बसवून इंग्रजीत बोलून बघायचे.

"अपा, मला शिकवाल का?" बेगिमायनं विचारलं होतं. "आजवर मी बिश्केकच्या पलीकडे गेले नाही. एकदा तरी स्वतःच्या हातानं काहीतरी करून बघावं म्हणते."

शिकवाल का, एवढंच तिनं विचारलं. पोरं सांभाळाल का, हे नाही.

नुरेल अजून रात्री अंथरूण ओलं करत होता. अदिना पहिलीत, तिनार दिवसभर घर डोक्यावर घेणारा, वर शाळा, वर गाय. पण कालिपा नाही तरी कशी म्हणणार? गावातल्या प्रत्येकीला जिनं शिकवून वाटेला लावलं, तिनं आपल्याच सुनेला पुस्तक मिटून दाखवायचं? मग तिनं मास्तरणीला सुचेल तीच युक्ती केली. लांबचा रस्ता धरला.

वाकणं, उचलणं, पेटी, पगार, पाऊस, हे शब्द पंधरवड्यात उरकले असते. कालिपानं ते बाजूला ठेवले आणि व्याकरणातलं असं प्रकरण उघडलं, ज्याच्यापुढे दहावीची पोरंही हात टेकायची. किर्गीझमध्ये माणसाच्या आधीच सगळं सांगून मोकळं व्हायचं: पेटी उचलू शकणारी बाई, यायला हवा होता तो मुलगा. इंग्रजीला ते चालत नाही. आधी बाई उभी करायची, मग 'हू' म्हणून तिच्यामागे शेपूट जोडायचं, आणि त्या शेपटात 'कॅन' घालायचं, 'मस्ट' घालायचं की 'शुड', यावर डोकं फोडायचं. उचलू शकणारी, जिनं उचलायलाच हवं ती, जिनं उचलायला हवं होतं पण उचललं नाही ती. या एका प्रकरणावर हिवाळा सहज निघेल, असा कालिपाचा हिशेब होता.

तो पार चुकला. सासरच्या थोरांचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही, ही रीत बऱ्याच घरांतून गेली होती. या घरात ती टिकली, कारण कालिपाची म्हातारी सासू मरेपर्यंत डोळ्यांत तेल घालून ती पाळून घेत होती. बेगिमाय लग्न होऊन आली तेव्हा म्हातारी जिवंत होती, आणि सुनेची जीभ त्या वळणाला लागली ती लागलीच. कालिपाच्या दिवंगत नवऱ्याचं नाव ताश्तान; नावात 'ताश', म्हणजे दगड आला, म्हणून बेगिमाय अंगणातल्या दगडालासुद्धा 'ते टणक' म्हणायची. चुलतसासरा म्हणजे 'ज्यांना घोड्यावरून उतरवत नाही ते', आत्तेसासू म्हणजे 'जिला ऐकू येत नाही ती'. सगळी सासुरवाडी तिनं शेपटांवर उभी केली होती.

पहिल्याच आठवड्यात तिनं वहीवर न बघता इंग्रजीत वाक्य केलं: चहाशिवाय जे बसू शकत नसत ते गृहस्थ. 'कुड नॉट' अगदी जागच्या जागी. कालिपाला आधी हसू आलं, नवरा आठवून डोळेही भरले, आणि लगेच रागही आला. इथे शाळेत पोरांच्या नाकी नऊ येतात आणि ही बया गोवऱ्या चुलीत सारता सारता म्हणून टाकते!

मग कालिपा अपवादांच्या मागे लागली. 'हूम' काढलं, स्वल्पविराम काढले, पुस्तकात बारीक अक्षरांत छापलेलं काढलं. न झालेल्या चुकाही दुरुस्त केल्या. "अजून कच्चं आहे हं, बाळा," म्हणायची. बेगिमाय मान खाली घालून पुन्हा लिहायची. कालिपाला तेव्हा स्वतःची लाज वाटायची. पण थकवा लाजेपेक्षा मोठा होता, त्याला कोण काय करणार.

हिवाळा उतरणीला लागला तेव्हा एका रविवारी बाजारात पिठाच्या दुकानापाशी सैकाल भेटली. कालिपाचीच जुनी विद्यार्थिनी, आता नारीनच्या त्या एजन्सीत काम करणारी, गुडघ्यापर्यंत चकचकीत बूट घालून चिखल चुकवत चालणारी.

"एजे! किती बारीक झालात हो!" शाळेत बाईंना मारायची तीच हाक देत तिनं कालिपाला मिठी मारली. "पण तुमच्या सुनेनं काय छाप पाडली! शेतावरची ती गोरी बाई बोलता बोलता हसायलाच लागली. म्हणाली, हिला कुणी शिकवलं? माझ्या मुलाला असं बोलता येत नाही."

"कधी?" कालिपानं विचारलं.

"कधी म्हणजे? झाले की दिवस. अजून थंडी कडक होती तेव्हा." सैकाल जराशी चपापली. "तुम्हाला सांगितलं नाही तिनं? अहो, पास झाली ती. एर्मेकचाही मॉस्कोहून होकार आला. कागदावर सही तेवढी करत नाहीये. रोज उद्या, रोज उद्या. घरात कुणाला तरी विचारायचं राहिलंय, म्हणते. कुणाला हो, एजे?"

"आमच्या गाईला विचारायचं असेल," कालिपा म्हणाली.

सैकाल खो खो हसली. हसून झाल्यावर म्हणाली, की शुक्रवारपर्यंत सही झाली नाही तर जागा दुसरीला जाईल, तेवढा निरोप द्या.

पिठाची पिशवी हातगाडीवर घालून कालिपा घराकडे निघाली. रस्ता नेहमीचाच होता, पण आज तो चढाचा वाटत होता. आधी ती सुनेवर चिडली. सगळ्या जगाला ठाऊक, एर्मेकला ठाऊक, सैकालला ठाऊक, आणि मी आपली रोज 'हूम' शिकवत बसलेय! मग स्वतःवर चिडली, कारण बेगिमायला किती आधीच सगळं येत होतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पुलापर्यंत येता येता चिडायचं त्राणही संपलं. मग फक्त एकच गोष्ट डोक्यात राहिली. विचारायचं राहिलंय.

घरी आली तेव्हा जेवणाचा चौरंग पुसून त्यावर वही ठेवलेली होती. चुलीवर किटली. पोरं शेजारच्या खोलीत भांडत होती. बेगिमायनं मानाच्या रीतीप्रमाणे थोडासाच चहा वाडग्यात ओतून दोन्ही हातांनी पुढे केला आणि खाली बसली.

"आज कुठलं, अपा?"

कालिपा तिच्याकडे बघत राहिली. सून रोजच्यासारखीच होती. कानामागे पेन्सिल, बाहीला पिठाचा हात लागलेला.

"आज मुलाखतीतलं घेऊ," कालिपा म्हणाली. "शेतवाले काय काय विचारतात ते."

बेगिमायच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चुलीत लाकूड सरकवायला ती उठली, लाकूड आधीच आत होतं, परत बसली.

"सैकाल भेटली होती," कालिपानं सांगून टाकलं. ताणत बसायचा तिला कंटाळा आला होता.

पलीकडे तिनारनं अदिनाचं काहीतरी हिसकावलं आणि अदिना किंचाळली. नेहमी अशा वेळी दोघीही एकदम उठायच्या. आज कुणी उठलं नाही.

"काय विचारलं त्यांनी तुला?" कालिपा म्हणाली.

"दिवसभर वाकता येईल का, म्हणून विचारलं." बेगिमायचा आवाज अगदी खाली गेला होता. "पावसात काम कराल का. पाठ दुखते का. बस, एवढंच."

"आणि शेपटं?"

"एकही नाही विचारलं, अपा."

"तुला कधी कळलं, की ते लागत नाही म्हणून?"

"आधीच. गेलेल्या बायकांना मी फोन करून विचारलं होतं."

"मग रोज वही घेऊन का बसत होतीस माझ्यापुढे?" कालिपाचा आवाज चढला. "मी खोट्या चुका काढायची आणि तू मुकाट्यानं पुसून पुन्हा लिहायची! वेडी समजलीस का मला?"

"नाही, अपा." बेगिमायनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "तुम्ही शिकवत होतात तोवर मला विचारावं लागत नव्हतं. रोज ठरवायचे, आज धडा संपला की विचारू. आणि तुम्ही धडा संपवतच नव्हतात."

एवढे दिवस कालिपा ज्याला आपली चलाखी समजत होती, त्याच्याच आडोशाला ही पोरही येऊन बसली होती.

"एर्मेकला विचारलंस ना?"

"ते म्हणाले, अपा आहेत की. विचारायचं काय त्यात." बेगिमायनं मान वर केली. "मला तसं नाही जमत. सही केली आणि मग सांगितलं, असं नाही जमत मला. माझी दोन, तिनार तिसरा. तुम्ही आलात की बूट काढताना बघते मी रोज."

कालिपानं तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर बर्फ काळं पडून झाडांच्या आळ्यांत साचलं होतं. खूप वर्षांत कुणी तिला घरात आल्यावर बघितलं होतं, असं तिला आठवेना.

"मग विचार," ती म्हणाली.

"काय?"

"जे विचारायचं राहिलंय ते. नीट विचार. आत्ता."

बेगिमाय गुडघ्यांवर सरळ झाली. "अपा, मी सहा महिने जाऊ का? तुम्ही पोरांना सांभाळाल का?"

कालिपानं डोळे मिटले. उत्तर कधीचं तयार होतं, कैक वर्षांचं, पण ते ऐकायला कुणी समोर उभं राहिलं नव्हतं.

"मी थकले गं," ती म्हणाली. "हाडं थकली माझी. सकाळी उठताना वाटतं, आज कुणी मला हाक मारू नये. तिनारला आंघोळ घालताना मध्येच रडू येतं मला. शाळेत पोरांपुढे उभी राहते आणि काय शिकवत होते तेच आठवत नाही. माझ्यात आता काही उरलेलं नाही."

हे सगळं तिनं एका दमात, भिंतीकडे बघत सांगितलं.

बेगिमायनं वही मिटली. तिचा चेहरा उतरला, पण तिनं तो पटकन सावरला. "बरं, अपा. मी उद्या सैकालला नाही म्हणून कळवते."

"का?"

"तुम्हीच म्हणालात ना."

"थकले म्हटलं," कालिपा म्हणाली. "जाऊ नको कुठं म्हटलं?"

बेगिमाय बघतच राहिली.

"जा तू. शुक्रवारच्या आत सही कर. जायच्या आधी त्या गाईला मात्र माझा हात लावून दे, नाहीतर ती मला लाथा घालील." कालिपानं डोळे पुसले, पुसले तरी ते वाहतच होते. "पोटची दोघं न विचारता गेली, त्यांना मला सांगतासुद्धा आलं नाही की मी थकलेय. तू विचारलंस, म्हणून निदान सांगता तरी आलं."