चिखलातला नियम

माझं आणि धाकट्या जावेचं अकरा वर्षं बोलणं नाही. कारण काय, तर शिडी. तिच्याकडून मागून आणली आणि परत दिली तेव्हा मधली पायरी मोडलेली. ती म्हणाली, "तुम्ही मोडलीत." मी म्हणाले, "मोडकीच होती." मोडली होती मीच.

पण भाताच्या लावणीत आम्हा बायकांचा एक नियम होता: चिखलात अबोला चालत नाही. ओळीत पंधरा जणी, कमरेत वाकून मागे मागे सरकायचं. शेजारची तोंड फुगवून बसली तर ओळ बिघडते. माझ्या डाव्या हाताला जाऊ, ही जागा ठरलेली. मी विचारायचं, "जुडी आहे का गं?" हातातली रोपं संपलेली असोत नसोत, बोलणं सुरू. मग बारा दिवस पोरांची लग्नं, गुडघेदुखी, सासूची नक्कल, सगळं उरकून घ्यायचो. बांधावर पाय धुतले की पुन्हा तोंडं दोन दिशांना.

यंदा ओळीत शिडीचं कबूल करून टाकायचं ठरवलं होतं. साठी उलटली, आता कसला तोरा!

आणि नेमकं यंदाच लावणीचं यंत्र आलं. माझं शेत अर्ध्या दिवसात लावून झालं. चालवणारा म्हणाला, "मावशी, कोपऱ्यांत हे वळत नाही. तेवढे हाताने भरून घ्या."

एवढं मोठं धूड, आणि कोपरे माझ्या गळ्यात! एकटीच उतरले. मागे सरकताना सवयीने डावीकडे बघत होते. डावीकडे नुसतं पाणी. फार एकटं वाटलं.

तिसऱ्या कोपऱ्यात टाच बांधाला लागली. वळले, तर पलीकडे माझी जाऊ. तीही तिच्या शेताचा कोपरा भरत होती, एकटीच.

म्हटलं, "जुडी आहे का गं?"

तिने उरलेली जुडी बांधावर ठेवली, वर चढली आणि पाय धुवायला लागली.

"झाला बाई एकदाचा कोपरा," ती पाण्याकडे बघत म्हणाली.

शब्द ओठांवर आले होते. पण पाय धुतलेल्या बाईशी कसं बोलायचं, हे मी अकरा वर्षांत विसरले होते. ती गेली.

तिची जुडी मी चौथ्या कोपऱ्यात लावली. तो तिच्या बांधापासून लांब आहे. लावता लावता शिडीचं सगळं सांगून टाकलं, मोठ्याने, डावीकडे बघून.