अखिलाला कुणी विचारलं नाही

अखिलानं कॉफी गाळून सगळ्यांना दिली, थोरल्या साईप्रियाची वेणी घालून तिला शाळेत धाडलं, धाकटीला भरवलं आणि मग ओट्यापाशीच भिंतीला टेकून खाली बसली. उठायचं त्राण नव्हतं. धाकटीच्या वेळी इतकं रक्त गेलं होतं की डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आता पुरे. आणि पुन्हा दिवस राहिले होते.

त्या दुपारी तिनं धीर करून सासूपाशी तोंड उघडलं. "मामी, मज हे होईना. डॉक्टरकडे जाऊन मोकळी होते."

भागीरथीबाई काही म्हणायच्या आधीच सासरे रंगराव बाहेरून आत आले. निवृत्त हेडमास्तर, तंजावरातल्या राजवाड्यामागच्या त्या मराठी गल्लीत त्यांच्या शब्दाला मान होता. "गर्भात जीव अहा, अखिला. जीव मारणं महापाप. ह्या घरांत ते होणार नाही."

नवऱ्यानं, वैद्यनाथनं, पेपरातून डोकं वर काढलं नाही.

मामंजी म्हणतात ते खरंही असेल, असं अखिलाला वाटलं. पाप म्हणजे काय, याचा विचार करायलासुद्धा अंगात बळ लागतं, आणि ते तिच्यात उरलं नव्हतं.

पुढे पोट दिसू लागलं तेव्हा वैद्यनाथ म्हणाला, गावात नवीन स्कॅन सेंटर निघालंय, एकदा बघून येऊ. काचेची दारं, गार हवा, कोपऱ्यात रंगीत टीव्ही. त्या काळी तिथे मुलगा की मुलगी हे सरळ सांगत असत. सांगितलं.

त्या संध्याकाळी घरात कुणी नीट जेवलं नाही. अखिला ताटं उचलत असताना रंगराव मुलाला म्हणाले, "तिची तब्येत बरी नाही. डॉक्टर पुरे म्हणाले होते की. उगीच जिवाशी खेळ कशाला?"

अखिलाच्या हातातली ताटं तिथंच थांबली. तिचंच बोलणं होतं ते. तेव्हा पाप होतं, आता काळजी झाली होती.

दोन दिवसांनी वैद्यनाथ तिला बसनं पापनाशमच्या एका नर्सिंग होममध्ये घेऊन गेला. तिथली डॉक्टरीण थकलेली, घाईत होती. "इतके दिवस गेल्यावर त्रास होतो. बाईंची खुशी आहे ना?" तिनं तमिळमध्ये विचारलं.

"हो, हो," वैद्यनाथ म्हणाला.

"नाही," अखिला म्हणाली. आवाज इतका बारीक होता की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "नाही. मज नको होतं तेव्हा बोलले, कोणी ऐकलं नाही. आता पोटांत हलतं हे. मुलगी म्हणून मी नाही काढणार."

"घरी काय सांगू मी?" वैद्यनाथ कुजबुजला.

"मी नको म्हटलं म्हणून सांग."

परतीच्या बसमध्ये भाताची शेतं मागे पडत होती. जिंकल्यासारखं तिला काहीच वाटलं नाही. फक्त झोपावंसं वाटलं.

बाळंतपण जिवावर बेतलं. रक्त चढवावं लागलं. मुलगी झाली, तिथेच अखिलानं पुन्हा मूल नको म्हणून शस्त्रक्रियाही करून घेतली. घरी पेढे वाटले गेले नाहीत. भागीरथीबाई मात्र रोज बाळाला तेल लावून न्हाऊ घालत.

बाळ रांगायला लागलं तेव्हाची गोष्ट. तिरुवैयारूहून रंगरावांचे जुने सोबती शेषगिरीराव आले होते. आपल्या सुनेनं स्वतःहून गर्भ काढला, असं सांगत होते.

"काय कलियुग हे," रंगराव म्हणाले. "गर्भातला जीव तो देवच. ह्या बायकांस पाप-पुण्य कळतच नाही."

अखिला कॉफीचं ताट घेऊन दारात आली होती. तिनं ताट खाली ठेवलं.

"मामंजी, अस्कं, सगळंच सांगा ह्यांना. मी नको म्हटलं तेव्हा देव होता. स्कॅनमधे मुलगी दिसली, तेव्हा कुठं गेला देव?"

शेषगिरीरावांनी मान खाली घातली. रंगरावांनी नजर अंगणाकडे वळवली. वैद्यनाथ आतून आला आणि दारातच उभा राहिला.

"तुमच्या सुनेस कुणी विचारलं का," अखिला पाहुण्यांना म्हणाली, "तिज काय होत होतं म्हणून?"

ती तिथंच, त्यांच्यासमोर, पायरीवर बसली. उत्तर येईपर्यंत आत जायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.