राष्ट्राध्यक्ष, हल्मारची बहीण

गावच्या पोहण्याच्या तलावाशेजारी गरम पाण्याचं कुंड होतं. राष्ट्राध्यक्ष स्टेनवर त्यात गळ्यापर्यंत बुडून बसली होती. सगळ्या खाड्यांत सॅमन मासे पाळण्याचे पिंजरे टाकायला मोकळीक देणारा कायदा संसदेने मंजूर केला होता. उरली होती तिची सही. ती नाकारली, तर कायद्यावर देशाचं मतदान घ्यावं लागणार होतं. पंतप्रधान संध्याकाळपर्यंत तिच्या उत्तराची वाट पाहणार होते. त्याआधी तिला भावाला भेटायचं होतं.

तिचा भाऊ हल्मार पाण्यात उतरला आणि समोर बसला. पिंजऱ्यांच्या कंपनीत तो बोट चालवायचा. मासळी गोठवण्याचा कारखाना बंद पडल्यापासून गावात दुसरं कामच नव्हतं.

"काय गं, राजधानीतलं गरम पाणी आटलं वाटतं?" कुंडात शेजारी बसलेली गावातली म्हातारी थोरगेर्द म्हणाली.

"पाणी आहे. पण तिथे तोंडावर शिव्या कोणी देत नाही."

"मग बरोबर ठिकाणी आलीस," हल्मार म्हणाला.

थोरगेर्द हसली. तो हसला नाही.

स्टेनवरने इथल्याच शाळेत शिकवलं होतं, पुढे रेडिओवर हवामान सांगितलं होतं. निवडणुकीला उभी राहिली तेव्हा बर्फातल्या घाटांतून तिला गावोगावी नेलं ते हल्मारनेच. प्रत्येक सभेत ती एकच शब्द द्यायची: जे पुन्हा दुरुस्त होणार नाही, ते लोकांना विचारल्याशिवाय होऊ देणार नाही. त्यावर सगळ्यात जोरात टाळ्या त्याच्याच असत.

"मतदान लागलं तर कंपनी थांबायची नाही," तो म्हणाला. "सरळ नॉर्वेला जाईल."

"जाईलही."

"मला दोन पोरं आहेत, स्टेनवर."

"आणि पिंजऱ्यातला परका मासा सुटून नदीत शिरला, तर त्याच्यात मिसळून नदीतला आपला मूळचा मासा संपेल. तूच सांगायचास."

"तेव्हा माझा पगार तिथून येत नव्हता."

तो तिच्याकडे पाहत राहिला.

"म्हणजे ठरलंय तुझं."

"हो. मी सही करणार नाही. तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको होतं."

"मी तुझ्या विरुद्ध मत देणार. घरोघरी जाऊन लोकांनाही तेच सांगणार."

"सांग. तुझा हक्कच आहे तो."

हल्मार उठला. पायऱ्या चढून वर गेल्यावर पाठमोराच म्हणाला, "आज जेवायला येऊ नकोस. पोरांसमोर मला बोलणं जमणार नाही."

कपडे बदलण्याच्या खोलीचं दार बंद झालं.

"बसून काय राहिलीस?" थोरगेर्द म्हणाली. "जा, फोन कर पंतप्रधानांना."

स्टेनवर पाण्याबाहेर आली. वाऱ्याने अंगावर काटा आला. ती फोनकडे चालू लागली.