सत्तेचाळीसच्या आधीचा हुंकार

बालवाडी सुटल्यावर बाई बँकेत शिरल्या आणि नेहमीप्रमाणे त्यांच्याच आवाजाने त्यांचं स्वागत झालं. "टोकन क्रमांक एकतीस, खिडकी क्रमांक दोन." बाकावरचे एक आजोबा लगबगीने उठले. आपल्याला हाक मारणारी बाई पिशवी मांडीवर घेऊन शेजारीच बसली आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बाईंना हसू आलं. बालवाडीत पोरं ऐकत नाहीत, घरात नवरा ऐकत नाही, आणि इथे मात्र शब्दाला केवढा मान!

या आवाजाचा जन्म त्यांच्या स्वयंपाकघरातला. सासऱ्यांची दृष्टी गेली तेव्हा त्यांना निदान वेळ तरी कळावी, म्हणून बाईंच्या नवऱ्याने, नानांनी, आकडे बोलून दाखवणारा एक प्रोग्रॅम लिहिला. आपल्या भाषेत शंभरापर्यंत प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं, तेव्हा सगळे आकडे बाईंनी म्हणायचे ठरलं. दारांना गोधड्या टांगल्या, घरघर नको म्हणून फ्रिज बंद केला. नाना "हं" म्हणायचे, की बाईंनी आकडा बोलायचा. दूध नासलं, आवाज मात्र झकास उतरला. फक्त सत्तेचाळीसच्या आधी नानांचा "हं" तसाच राहून गेला.

"उद्या कापतो," नाना म्हणाले. तो उद्या काही उगवला नाही.

नानांनी तो प्रोग्रॅम इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. ज्याला हवा त्याने न्यावा, वापरावा. आणि लोकांनी नेला की! बँकांनी नेला, बसवाल्यांनी नेला, इस्पितळांनी नेला. त्यांच्यासाठी 'टोकन', 'खिडकी' असे शब्दही बाईंनी मागाहून म्हणून दिले. टोकनची यंत्रं विकणाऱ्या कंपनीने तर तो आपल्या डब्यात बसवून डबा चांगल्या किमतीला विकायला काढला. फुकट ते पौष्टिक, हे आपल्याला कुणी शिकवावं लागतं का? पण अशा प्रोग्रॅमला बाळंतिणीसारखं जपावं लागतं. कंप्युटर बदलले की तो अडतो, कुणीतरी बसून तो दुरुस्त करावा लागतो. ते कुणीतरी म्हणजे एकटे नाना. त्यासाठी त्यांनी पूर्ण वेळाची नोकरी सोडून अर्ध्या दिवसाची धरली होती. तक्रारी मात्र पूर्ण दिवस यायच्या. "आमचं काम बंद पडलंय, ताबडतोब बघा." आभाराचं पत्र क्वचित, तेही खाली नवी मागणी जोडूनच.

"भावजी, लष्कराच्या भाकऱ्या किती दिवस भाजणार?" बाईंचा भाऊ चिडवायचा.

"अरे, आंधळी माणसं वापरतात रे. त्यांनी कुणाकडे जायचं?"

"आणि तो डबेवाला कंपनीवाला? तोही आंधळा का?"

नाना नुसते हसायचे. त्या कंपनीला त्यांनी लिहिलं होतं, जोडीला एक पगारी माणूस द्या, माझ्याच्याने आता होत नाही. उत्तर गोड आलं. तुमच्या निःस्वार्थ सेवेचा आम्हाला अभिमान आहे, एवढंच.

मग नानांची छाती दुखू लागली. डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली. पण तपासणीचा दिवस आला की कुठेतरी काहीतरी अडायचं आणि नाना म्हणायचे, "एवढं निस्तरतो, मग जाऊ." शेवटी बाईंनी सुट्टी टाकली आणि त्यांना जवळजवळ ओढतच इस्पितळात नेलं.

तिथे हा गोंधळ! टोकनचं यंत्र सकाळपासून मुकं झालेलं. कारकून ओरडून ओरडून घसा बसवून घेत होता आणि माणसं एकमेकांच्या अंगावर जात होती. नानांनी एकदा फलकाकडे पाहिलं आणि पिशवीतून लॅपटॉप काढला.

"अहो, आज नाही हं. आज तुम्ही पेशंट आहात."

"अगं, ही सगळी खोळंबलीत. यंत्रात नवी आवृत्ती आलीये, तिच्याशी आपला प्रोग्रॅम जुळत नाहीये. दोन मिनिटं."

दोन मिनिटं कसली! त्या गलक्यात कारकुनाने नानांचा आकडा पुकारला आणि तो दोघांनाही ऐकू गेला नाही. बऱ्याच वेळाने नाना मान वर करून म्हणाले, "पाठवली दुरुस्ती." इस्पितळाच्या माणसाने यंत्र बंद करून चालू केलं आणि बाईंचा आवाज खणखणीत घुमला. लोक हुश्श करून बसले. बाई खिडकीशी धावल्या.

"तुमचा नंबर केव्हाच गेला. मशीन आहे आता, मधे घेता येत नाही. उद्या या," कारकून म्हणाला.

"अहो, मशीन यांनीच..."

"जाऊ दे गं," नाना म्हणाले. "उद्या येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात असतानाच नाना गेले. बाई कप उचलायला वाकल्या तेव्हा टेबलावर नानांचा फोन थरथरत होता. कुणीतरी लिहिलं होतं, "आमच्याकडे अजून चालत नाही. किती वाट बघायची?"

महिनाभराने कंपनीचे साहेब घरी आले. सोबत पुष्पगुच्छ आणि नानांच्या फोटोची सोनेरी चौकट. नानांच्या थोरवीवर बोलून झाल्यावर ते मुद्द्यावर आले. काही नवी वाक्यं हवी होती. बाईंनी शाळेनंतर थोडा वेळ काढावा, सेवा म्हणून.

"आणि तो सत्तेचाळीसच्या आधीचा आवाज तेवढा काढता आला तर... गिऱ्हाइकं विचारतात."

बाई म्हणाल्या, "नाही."

"अहो, पण हे तर फुकटच आहे ना सगळ्यांना? नानांचीच इच्छा..."

"तुम्हाला फुकट. आम्हाला नाही पडलं फुकट." बाईंचे शब्द स्वच्छ होते. "यांनी दिलं ते दिलं. ते मी परत मागणार नाही. आंधळ्या माणसांनी खुशाल वापरावं. पण तुमच्या दारातल्या झाडांना पाणी घालणाऱ्याला तुम्ही पगार देता ना? मग हे सांभाळायला दोन माणसं पगारी नेमा. आजारी पडले तर रजा घेता येईल अशी. तोवर माझ्या तोंडून एक शब्द मिळणार नाही. आणि ही चौकट घेऊन जा. माझ्याकडे त्यांचा फोटो आहे."

बाईंच्या भावाने पुष्पगुच्छही साहेबांच्या हातात दिला आणि दार उघडून धरलं.

माणसं अजून नेमलेली नाहीत. बाई मात्र बँकेत काम नसलं तरी जातात, कोपऱ्यातल्या बाकावर बसतात. चव्वेचाळीस होतो, पंचेचाळीस होतो. आपलाच आवाज ऐकत त्या थांबतात, आणि मग सत्तेचाळीसच्या आधी नाना "हं" म्हणतात. तेवढं ऐकून बाई उठतात आणि घरी जातात.

वाचकहो, तो हुंकार तुम्हीही ऐकला असेल, आणि आपला नंबर आला म्हणून घाईने उठलाही असाल. पुढच्या खेपेला जरा थांबा. हे फुकटचं सांभाळायचं कुणी, याच्या तुमच्या उत्तराची कुणीतरी अजून वाट बघत आहे.