सुंदराबाईंना कोणी आणलं?

नऊ वर्षं! सुहासिनी रणपिसे यांनी विश्रांतवाडीतल्या सुंदराबाईंच्या घरचा गुरुवार नऊ वर्षं कधी चुकवला नव्हता. चार वाजता दार वाजवायचं, सोफ्यावर टेकायचं आणि बायबलातल्या शुभवर्तमानातला एक अध्याय वाचायचा. सुंदराबाई मूळच्या लोणी काळभोरच्या, मुलाच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकट्या. मेथी निवडत त्या सगळं ऐकायच्या, "चांगलं हाय" म्हणायच्या आणि चहा टाकायच्या. पुढे काही नाही. निवृत्त शिक्षिकेला अशा विद्यार्थ्यांची सवय असते, म्हणून सुहासिनीबाईंनी धीर सोडला नाही इतकंच.

मग गुडघ्यानं दगा दिला. एका गुरुवारी वाचता वाचता अशी कळ आली की पुस्तक मिटून त्या रिक्षानं घरी गेल्या. डॉक्टरांनी तीन आठवडे जिना बंद केला. चर्चच्या मंडळीतली शेफाली म्हणाली, "मावशी, मी जाते ना, डोन्ट वरी." सव्वीस वर्षांची, आयटीतली, स्कूटरवरून भुर्रकन येणारी मुलगी. तिला धड बायबल उलगडता येत नाही, असं बाईंचं मत. पण म्हटलं जाऊ दे.

चौथ्या रविवारी बघतात तर काय! शेफालीचा हात धरून सुंदराबाई चर्चच्या दारात. ठेवणीतलं लुगडं, डोक्यावर पदर.

खरं तर बाईंना आनंद व्हायला हवा होता. कसला आनंद! जळफळाट झाला नुसता. नांगरलं मी, पेरलं मी, राखण केली मी, आणि हुरडा खायला ही? आयत्या बिळावर नागोबा! बाई शेवटच्या रांगेत बसून धुमसत राहिल्या. गाणं कुठलं चाललंय याचाही पत्ता नव्हता.

त्या चर्चची एक रीत होती. उपासना संपताना पाळकसाहेब नवीन माणसाला उभं करून माइकवर विचारायचे, "आपल्याला कोणी आणलं?" नाव घेतलं की आणणाराही उभा राहायचा आणि सगळे टाळ्या वाजवायचे. नऊ वर्षं बाई दुसऱ्यांसाठीच टाळ्या वाजवत आल्या होत्या. आज पाळकसाहेबांनी माइक सुंदराबाईंच्या हातात दिला. शेजारी शेफाली हसत उभी. बाईंनी पर्स उचलली आणि लंगडत बाजूच्या दारानं सरळ घर गाठलं. तिच्यासाठी टाळ्या? हात काही रस्त्यावर पडले नव्हते त्यांचे!

दुपारी शेफालीचे चार फोन आले. उचलले नाहीत. बाईंनी पाळकसाहेबांना मेसेज लिहिला: 'गुरुवारच्या भेटी यापुढे शेफालीकडे द्याव्यात. मी आता थांबते.' पुन्हा कुणाच्या दारात जायचं नाही हे ठरलं. फक्त मेसेज पाठवण्याआधी सुंदराबाईंना दोन शब्द ऐकवायचे होते.

गुरुवारी बरोबर चारला त्यांनी दार वाजवलं.

"अगंबाई! या की आत," सुंदराबाई म्हणाल्या.

"आत नको," बाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. "एकच विचारायचंय. नऊ वर्षं मी येते, तुमची पावलं एकदाही चर्चकडे वळली नाहीत. त्या मुलीनं तीन आठवड्यांत असं काय सांगितलं हो?"

सुंदराबाई बघतच राहिल्या. "तिनं? पोरगी गुणाची हाय, पर वाचताना लई अडखळती. मीच तिला म्हनलं, बाई आजारी हायेत, त्यांचं घर मला ठावं न्हाई, तवा त्या येतील त्या रविवारी मला चर्चात ने. तुमाला बघाया आलते मी! सायबांनी इचारलं कुनी आनलं, मी म्हनलं सुहासिनीबाईंनी. समदी टाळ्या वाजवीत तुमाला हुडकाया लागली. आन तुमी न्हाईच."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. मेली लाज वाटली स्वतःची.

"ते ऱ्हाऊ द्या," सुंदराबाई म्हणाल्या. "त्या दोन भावांच्या गोष्टीचं पुढलं सांगा. धाकला समदं उधळून घरी आला, बापानं जेवनावळ घातली, आन थोरला जळफळत दाराभाईर उभा ऱ्हायला. बाप त्याला बोलवाया भाईर आला. तितंच तुमी पुस्तक मिटलं. मग? गेला का थोरला आत?"

हा अध्याय बाईंनी रविवारच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवला होता. "ते पुस्तकात दिलेलं नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"आँ? मग कळायचं कसं?"

बाईंनी खाली पाहिलं. पायांत चपला, मध्ये उंबरा. आत कुकरची शिट्टी झाली. अजूनही शेफालीचं हसणं आठवून मनात कुठेतरी जळतच होतं, ते काही एका दिवसात विझणारं नव्हतं. पण बाई वाकल्या. गुडघा कळवळला. त्यांनी चपला काढल्या आणि आत येऊन सोफ्यावर बसल्या. डोळे पुसून त्यांनी तो मेसेज खोडला आणि फोन लावला.

"शेफाली, मी बोलतेय. पुढच्या गुरुवारी चारला सुंदराबाईंकडे ये. हो, मी आहे ना. वाचायचं तूच, मी सांगते कसं ते. आणि मेथी निवडता येते का तुला? नाही? बरं, तेही शिकवते. ये."