मधला उंचवटा

खडीसाखरेचा खडा जिभेखालून निसटून डाव्या गालात गेला आणि तिथे एका कोपऱ्याने टोचू लागला – कडा अजून शाबूत होत्या त्याच्या, म्हणजे बराच वेळ पुरेल, असा अंदाज बांधून रमाकांतांनी तो जिभेच्या टोकाने पुन्हा आत वळवला आणि ओठ मिटून घेतले. समोर शाळेच्या व्हरांड्यात तिसरी-चौथीची मुले गटागटाने बसली होती. पाइपांचे तुकडे, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या, पुठ्ठे, खोक्यांच्या फळ्या आणि चिकटपट्टीची वेटोळी असा सगळा पसारा त्यांच्यामध्ये होता, आणि त्या पसाऱ्यातून क्षणोक्षणी एकेक चूक जन्माला येत होती. चुका तरी किती... आणि त्या किती आनंदाने! एकाच जागी इतक्या चुका इतक्या खुशीत होताना रमाकांतांनी उभ्या आयुष्यात पाहिल्या नव्हत्या, आणि त्यांतली एकही दुरुस्त करण्याची त्यांना परवानगी नव्हती.

अट स्वरदाची होती. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या शाळांतून लहान मुलांकडून हाताने यंत्रे करवून घेत हिंडणारी ही त्यांची मुलगी तशी मृदू. पण पिंपळीला जे घडले त्यानंतर तिने आवाज न चढवता वडिलांना काही गुरुवार घरी बसवले होते. पिंपळीला एका मुलाने आपली पुठ्ठ्याची होडी एका अंगाला का कलते एवढेच विचारले होते, आणि रमाकांतांनी – पाण्याच्या घनतेपासून आरंभ करून, दाखले देत, शंका आपणच काढून आपणच फेडत – असे काही निरूपण मांडले की मुलांनी होड्या बाजूला ठेवल्या, हातांच्या घड्या घातल्या आणि कार्यशाळेचा बघता बघता वर्ग झाला. होडी तशीच कलती राहिली.

“एकाही प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही, बाबा,” आज सकाळी गाडीत बसताना स्वरदा म्हणाली होती, “दिलंत, तर पुढच्या गुरुवारपासून मी एकटीच येत जाईन.”

कालवा ओलांडेपर्यंत त्यांनी वाद घातला. उत्तर देणे निराळे आणि दिशा दाखवणे निराळे, हा भेद त्यांनी प्रथम प्रस्थापित केला; मग मूल खड्ड्याकडे चाललेले दिसत असता गप्प बसणे हे शिक्षणाच्या कोणत्या व्याख्येत बसते, असे विचारून पाहिले. स्वरदाने समोरच्या उसाच्या ट्रॅक्टरला वाट दिली, त्याच्या दोन्ही ट्रॉल्या हेलकावत निघून जाऊ दिल्या, आणि मग एवढेच म्हणाली, की तुमची दिशा एकदा निघाली की मुक्कामाला पोचवूनच सोडते. पोरांना वाटेत कुठे उतरूच देत नाही. यावर उत्तर नव्हते असे नाही – दोन होती – पण अंथुर्ण्याची शाळा आली, आणि रमाकांतांनी खिशातली पुडी सोडून पहिला खडा तोंडात टाकला.

गुरुवार गमावणे त्यांना परवडणारे नव्हते. आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कळते ते हे, की उत्तरे शिल्लक उरतात आणि प्रश्न संपून जातात. घरात कोण काय विचारणार? “वरणात मीठ कमी आहे म्हटलं, तर हे आधी समुद्र कसा झाला ते सांगतील,” पत्नी मंदाकिनी पाहुण्यांसमोर म्हणे, आणि पाहुणे हसत, रमाकांतही हसत. पण समुद्र खारट का, हे या हसणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नसणार, हा विचार हसतानासुद्धा त्यांचा पिच्छा सोडत नसे. इथे मात्र – रेश्मा बाईंनी वर्गातून आणून ठेवलेल्या या लोखंडी खुर्चीवर – प्रश्न कानांवर थव्याथव्याने येऊन बसत होते. ह्यो का सुटला? त्यो का फिरना? कान तृप्त आणि जीभ उपाशी... असो. उपाशी नव्हे, गोड तरी होती.

गावात जे जे काही हलते, सरकते किंवा ओढले जाते, त्यातले एक करून दाखवा, असे स्वरदाने मुलांना सांगितले होते. खुर्चीजवळच्या गटाने कारखान्याची गव्हाण घेतली होती, म्हणजे ज्या सरकत्या पट्ट्यावरून ऊस चरकाकडे जातो ती. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्यांची राजेश्वरी या गटाची मुख्य होती, ती कुणी नेमल्यामुळे नव्हे. आणि मामा कारखान्यात असल्यामुळे यशराज हा तिथला अधिकारी जाणकार होता. पाइपाचे दोन तुकडे त्यांनी खोक्यात आडवे बसवले होते, त्यांवरून ट्यूबची रुंद पट्टी पट्ट्यासारखी चढवली होती आणि एका तुकड्याला तारेचा दांडा जोडला होता. दांडा फिरवला की पट्टा निघे, क्षणभर सुरेख चाले, आणि मग सावकाश – म्हशीने रस्ता सोडून उसात शिरावे तसा – एका कडेला सरकत जाऊन खाली पडे. पुन्हा चढवावा, पुन्हा पडावा. यशराजच्या मते दोन्ही कडांना पुठ्ठ्याच्या चकत्या ठोकून कुंपण घालायला हवे होते, आणि रमाकांतांनी मनातल्या मनात त्याला पूर्ण गुण दिले. शाबास. सरळ विचार आहे. जे घसरते त्याला अडवावे.

राजेश्वरीने मात्र चिकटपट्टी उचलली आणि पाइपाच्या बरोबर मध्यावर वेढे द्यायला सुरुवात केली. आधी रुंद, मग त्यावर अरुंद, त्यावर आणखी अरुंद... पाइपाच्या मधोमध गुळगुळीत फुगवटा येऊ लागला, अजगराने काही गिळल्यासारखा.

अरे, नको. नको ना, बाळ. रमाकांत खुर्चीत पुढे सरकले. उंचवट्यावरची वस्तू उतारानेच जाणार. सपाट पाइपावर पट्टा एका बाजूला पडत होता, आता दोन्ही बाजूंना वाटा झाल्या. हे सांगायला एक वाक्य पुरे होते. वाक्यही नको, नुसते बोट पुरे. त्यांचे बोट गुडघ्यावरून उठलेही होते – आणि तेवढ्यात दूरच्या गटात ओणवी झालेली स्वरदा मान न वळवता ताठ झाली, लहानपणी मागे कुणी उभे असले की व्हायची तशी... आठवीपर्यंत तिच्या गणिताच्या वहीवर मागून याच बोटाची सावली पडत असे, आणि ती लिहिता लिहिता थांबून त्या सावलीकडे पाही. वहीकडे नव्हे, सावलीकडे. बोट गुडघ्यावर परतले. दुसरा खडा त्यांनी तोंडात टाकला, पहिला विरघळण्याची वाट न पाहता.

यशराजलाही ते पटले नव्हते. “उतार केलास तू, येडे. आता तर धावतच पडंल त्यो.”

“न्हाय पडायचा,” राजेश्वरी दाताने चिकटपट्टी तोडत म्हणाली. “उंच जागा दिली की तितंच बसंल. एकदा ष्टेजवर चढल्यालं माणूस खाली उतारतंय व्हय?”

रेश्मा बाई तोंडाला पदर लावून हसल्या. रमाकांतांना हसू आले नाही. त्यांना वेदना झाली. तर्काची अशी विटंबना, आणि तीही इतक्या ठाम सुरात! जड वस्तूला मानापमान असतो, असे धरून चालायचे? मग दगडालाही वरच राहावेसे वाटेल, पाणीही डोंगराकडे धावेल... खरे सांगायचे तर त्यांना त्या क्षणी त्या मुलीची दया आली. आता पट्टा पडणार, हिचे तोंड उतरणार, आणि मी इथे गोड तोंडाने बसून ते पाहणार.

पण पट्टा फिरवायला मुले तयारच होईनात. यंत्र तयार झाले म्हणजे काय, लगेच चालू करायचे? यशराजने आपल्या अधिकारात आक्षेप घेतला, की मोळी टाकल्याबिगार कारखाना सुरू होत नसतो. तेव्हा ज्वारीच्या ताटांचे बोटाएवढे तुकडे दोऱ्याने बांधून मोळी झाली. कुणीतरी खडूच्या पुडीतली धूळ गंध म्हणून खोक्याला लावली. नारळ नव्हता म्हणून पटांगणातल्या करंजाची शेंग फोडण्यात आली. मग मोळी टाकायला पाव्हणा कोण, यावर वाद पडला. बाईंचे नाव निघाले ते मागे पडले, कारण बाई रोजच्याच. स्वरदाताईंना तर काम होते. अखेर राजेश्वरीने लोखंडी खुर्चीकडे बोट दाखवले. हे आजोबा मघापासून खुर्चीत बसल्यात, खात्यात आन् काय बोलत न्हाईत – म्हणजे हेच पाव्हणे, असा तिचा निर्णय होता. आणि हा तर्क मात्र, रमाकांतांना मान्य करावे लागले, निर्दोष होता.

ते उठले. दोन्ही हातांनी त्यांनी ती इवलीशी मोळी पट्ट्यावर ठेवली आणि यशराजने दांडा फिरवला. टाळ्या वाजल्या. पट्टा निघाला, चालला, आणि मग अपेक्षेप्रमाणे डावीकडे झुकला – पाहा, आता... आता... झुकला, थबकला, आणि परत मध्यावर आला.

परत आला.

रमाकांत वाकले. पट्टा मधल्या फुगवट्यावर स्वस्थ चालला होता. मोळी पलीकडे जाऊन पडली, मुले ओरडली, आणि कोणीही विचारण्याआधी रमाकांतांचे बोट – तेच, ज्याला सकाळपासून बंदी होती ते – पुढे गेले आणि त्याने पट्ट्याला कडेने ढकलले. पट्टा कडेला गेला आणि फिरता फिरता पुन्हा चढून वर येऊन बसला. दुसऱ्या बाजूने ढकलले, तिकडूनही चढला. चढला! उताराने खाली जायचे सोडून तो उंचीकडे जात होता, कुणी न ओढता, न अडवता... आणि मी काय सांगणार होतो? एक वाक्य पुरे होते म्हणे. त्या एका वाक्याने ही चिकटपट्टी सोडली गेली असती, कुंपण ठोकले गेले असते, आणि हे जे आत्ता माझ्या बोटाखाली चालले आहे ते या व्हरांड्यात कधी घडलेच नसते. लाज वाटावी असा तो विचार होता. पण लाजेला आत यायला जागाच नव्हती, इतके काहीतरी मोठे आणि हलके तिथे आधीच येऊन बसले होते.

“आजोबा,” राजेश्वरी त्यांच्या तोंडाकडे पाहत होती, “आपुआप मधी कसा काय येतुय ओ त्यो?”

“ष्टेज आवाडतंय म्हणालीस की मघाशी,” यशराज म्हणाला.

“ते तुला गप करायला म्हणलं. खरं कसं येतुय, ते इचारतीया मी.”

व्हरांडा शांत झाला नाही. बाकीचे गट ठोकाठोक करतच होते. पण स्वरदा उठून उभी राहिलेली त्यांना दिसली. उत्तर द्यायला त्यांनी सवयीने तोंड उघडले – पहिले वाक्य नेहमी तयारच असे, दाराशी चपला घालून उभे – आणि आत पाहिले तर तिथे कोणीच नव्हते. घर्षण? ताण? ट्यूबचा लवचीकपणा? एकेक शब्द उचलून त्यांनी पाहिला आणि खाली ठेवला. कशातूनही पट्टा वर चढेना.

“मला नाही माहीत,” ते म्हणाले.

“सर असून?” सकाळी ओळख करून देताना स्वरदाने सांगितलेले आठवून यशराजने विचारले. त्यात टोमणा नव्हता, निव्वळ काळजी होती.

राजेश्वरीने मात्र त्यांना नीट न्याहाळले, आपले दप्तर उचलून पलीकडे ठेवले, आणि मोकळ्या झालेल्या फरशीवर हात थोपटला. “मग हितं बसा,” ती म्हणाली.

गुडघे कुरकुरले, पण बसता आले. मग दुपार कशी गेली हे सांगणे कठीण आहे. फुगवटा दुसऱ्या पाइपालाही केला. मग पहिल्याचा काढला. मध्याऐवजी एका कडेला केला, तेव्हा पट्टा त्या कडेला जाऊन बसला आणि रमाकांत मुलांबरोबर ओरडले. उलट मधोमध खळगा केला तेव्हा पट्टा तिथे ठरेचना. कात्री मागताना ते “दे की” म्हणाले. चुकीचा वेढा दिला म्हणून राजेश्वरीने त्यांना दोनदा झापले, आणि दोन्ही वेळा तिचे बरोबर होते.

परतताना उन्हे उसाच्या तुऱ्यांवर आली होती. सणसरच्या अलीकडे रमाकांतांनी प्रकरण आपणच उघडले: ‘मला माहीत नाही’ हे उत्तर होत नाही, उत्तराचा तो अभाव आहे, सबब अटीचा भंग झालेला नाही.

“प्रश्न विचारला गेला आणि तुम्ही बोललात,” स्वरदा म्हणाली. तिचा चेहरा रस्त्याकडे होता आणि आवाजात हसू होते की काय, ते कळत नव्हते. “विचार करावा लागेल.”

एरवी या ‘विचार करावा लागेल’वर त्यांनी बारामतीपर्यंत युक्तिवाद केला असता. पण त्यांचे लक्ष उडाले होते. लहानपणची ती कऱ्हाटीची पिठाची गिरणी... लाइट गेली की गिरणी थांबे, आणि दळणाचा डबा घेऊन उभा असलेला मी वेळ जात नाही म्हणून त्या मोठ्या लोखंडी चाकावर तळहात ठेवी. पट्ट्याने घासून घासून गुळगुळीत झालेले, गार, आणि – आता आठवते, हाताला आठवते – मधोमध किंचित वर आलेले. मुद्दाम तसे घडवलेले. म्हणजे कुणाला तरी हे ठाऊक होते; मी त्यावर रोज हात ठेवत होतो, आणि कधी विचारले नव्हते. का चढतो? कड आधी टेकते म्हणून? की पट्टा वाकतो... वाकतो आणि मग...

“बाबा,” स्वरदा म्हणाली, “त्या पट्ट्याचं खरं कारण असं आहे, की...”

“नको.” त्यांनी हात वर केला, इतक्या घाईने की तिने गाडीचा वेग कमी केला. “तुला ठाऊक असेल तर सांगू नकोस.”

तिने वळून त्यांच्याकडे पाहिले. पुढे पुन्हा ट्रॅक्टर होता, गाणे लावलेला, आणि तो ओलांडण्याची घाई आज तिलाही दिसत नव्हती. रमाकांतांनी तळहात आपल्या गुडघ्यावर ठेवला. गुडघा मधोमध वर आलेला होता आणि उबदार होता. पट्टा निघाला, डावीकडे झुकला, थबकला... का, बरे? या ‘का’च्या पुढे काहीही नव्हते, पायरी नव्हती, फळा नव्हता; नुसते मोकळे होते, आणि त्या मोकळ्यात ते – कुणालाही काहीही न सांगता – आरामात चालले होते.